ते इथं असतात

आमच्या घरमालकांचं 'आहे' या शब्दाशी वाकडं होतं. गंमत म्हणून सांगत नाही. उभी हयात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, उस्मानपुऱ्यात स्वतःचं घर, पेन्शन चालू, नळाला पाणी येईल तेव्हा येईल, रस्ते खणून ठेवलेले, भांडायला सगळं शहर पडलंय, आणि हे भांडायचे एका क्रियापदाशी. फोनवर कुणी विचारलं, सर आहेत का, तर म्हणायचे, "आत्ता आहेत." पलीकडचा माणूस घाबरून तब्येतीची चौकशी करायचा.

सर गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. 'अस्तित्वाचे भाष्यकार हरपले.' हरपायला ते काय छत्री होते? मला त्या चार ओळींचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पत्रकं लिहिण्यात माझा हात बसलेला आहे, एका कागदात सगळं मावलं पाहिजे अशी सवय आहे. सर एका कागदात मावत नाहीत. तरी बघते.

मी त्यांच्याकडं खोली मागायला गेले तेव्हा चार-पाच दारांवरून परत आलेली होते. पोरगी एकटी, चळवळीतली, फूटपाथवर राहणाऱ्यांचं काम करते, म्हणजे उद्या घरात कुणाला आणून बसवील सांगता येत नाही, असा एकूण सूर. आडनाव विचारून झालं की खोली नुकतीच गेलेली असायची. सरांनी आडनाव विचारलं नाही. पगार विचारला नाही. म्हणाले, "वडील कुठं असतात?"

मी म्हणाले, गाव पाचोड.

"गाव विचारलं नाही, ताई. वडील कुठं असतात?"

आता काय सांगणार? आमची मेंढरं. आई गुडघ्यांमुळं गावात असते, पण वडील आणि चुलते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. आज या रानात, उद्या त्या रानात, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, कडेकडेनं पार कुठं कुठं. पाऊस लागला की माघारी. आतापर्यंतच्या घरमालकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बारीक व्हायचा. मी चिडूनच म्हणाले, "मेंढरं असतात तिथं असतात."

सर खुर्चीतून उठलेच. एवढा आनंद झाला त्यांना. वरची खोली मला त्या उत्तरावर मिळाली. चावी हातात ठेवता ठेवता त्यांनी मला उभ्या उभ्या सगळं शास्त्र सांगितलं. दगड आहे. खुर्ची आहे. शेजाऱ्यांचा मुलगा नोकरीला गेला तर आपण काय म्हणतो? पुण्याला असतो. पुण्याला 'आहे' म्हटलं की कामाला गेलाय, उद्या येईल. 'असतो' म्हटलं की त्यात त्याचं जाणं-येणं आलं, सवयी आल्या, आणि मुख्य म्हणजे गेलो तर तो तिथं भेटेल असा दुसऱ्या कुणाचा तरी भरवसा आला. तो दुसरा कुणीतरी नसेल तर माणूस नुसता 'आहे'. दगडासारखा.

मी म्हणाले, "गल्लीत कुत्रीपण असतात, सर."

"म्हणून तर मी त्यांना अहो म्हणतो."

हे खरं होतं. सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, भाजीवालीला, तिच्या कडेवरच्या लेकराला, गेटशी झोपलेल्या कुत्रीला. "जरा सरकता का, मला जायचंय," असं कुत्रीला म्हणून थांबायचे, आणि ती उठेपर्यंत खरंच थांबायचे. गल्लीतली पोरं हसायची. पोरांनाही म्हणायचे, "हसा, तुम्हाला जमतंय."

दुसरी एक तऱ्हा म्हणजे बाहेरून घरी आले की कुलूप उघडायच्या आधी स्वतःच्याच दाराची बेल वाजवायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. बेल वाजवायचे, नीट उभे राहायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचे, मग कुलूप. मी एकदा वरून गच्चीतून ओरडून विचारलं की सर, कुणाची वाट बघता? तर म्हणाले, मी आत नाही याची खात्री करून घेतो. लोक घरात शिरतात आणि समजतात की आपण घरात आहोत. किती जणांच्या बाबतीत खरं असतं ते?

असली उत्तरं. मला संताप यायचा. दिवसभर मी स्टेशनपाशी, पुलाखाली, हॉस्पिटलच्या कंपाउंडबाहेर फिरायची. कुणाचं पोतं उचलून नेलं, कुणाला दंडुका बसला, कुणाच्या बाळाला ताप. आणि घरी आलं की हे. शहराचं नाव बदललं तेव्हाची गोष्ट. लोक तावातावानं बोलत होते, आमच्या संघटनेतसुद्धा दोन तट. सर मला सेंट्रल बसस्टँडवर घेऊन गेले. म्हणाले ऐका. एक कंडक्टर एका नावानं ओरडत होता, दुसरा दुसऱ्या नावानं, एक म्हातारी तिसऱ्याच, आपल्या बोलीतल्या नावानं विचारत होती, आणि सगळे त्याच धुळीत उतरत होते. सरांना वाटलं मी या देखाव्यानं थक्क होईन. मी म्हणाले, धूळ कमी करा म्हणून एक अर्ज द्यायला हवा. ते हसले नाहीत. "अर्ज कोण कोणाला देणार, हाच तर मुद्दा आहे," म्हणाले. बघा, चिडले की स्वतः 'आहे' म्हणायचे.

पेपर ते शेवटून वाचायचे. गुन्हेवार्तांच्या रकान्यात बारीक अक्षरात येतं ना, 'अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला', तिथून सुरुवात. त्यांच्या वडिलांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली, त्यामुळं घरात ते शब्द मुरलेले. इस्म म्हणजे नाव, ताई, ते सांगायचे. इसम म्हणजे ज्याला नाव आहे तो. आणि आपण ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्यालाच नेमकं इसम म्हणतो. अनोळखी इसम! म्हणजे अनोळखी नाव. पोलीस लिहितात, पेपरवाले छापतात, तुम्ही तुमच्या पत्रकात घालता, आणि कुणाच्या घशात अडकत नाही. बातमीवर बोट ठेवून ते ती पुन्हा एकदा वाचायचे. मग चहा.

आणि दुपारचे चार वाजून गेले की, सर एक घडीचं स्टूल घेऊन कोपऱ्यावर जायचे.

कोपऱ्यावर एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता. शटर गंजलेलं, पण पायरी चांगली, शहाबादी फरशीची. त्या पायरीवर एक म्हातारा बसलेला असायचा. लोक त्याला मुका म्हणायचे. खरंच मुका होता की बोलायचं सोडलेलं, कुणाला ठाऊक नाही. कुठला, कधी आला, तेही नाही. मी संघटनेच्या वतीनं तीनदा विचारून बघितलं होतं, मराठीत, हिंदीत, खुणांनी. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. त्याच्यापाशी सुतळीचा एक मोठा गुंडा होता. दिवसभर तो उकलायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. सकाळी उठल्यावर मात्र अंगावरच्या पंच्यानं ती पायरी कडेपर्यंत झाडून काढायचा, एखाद्या घरासारखी.

सर त्याच्याशेजारी, रस्त्यावर, स्टूल टाकून बसायचे. पेपर वाचायचे. बोलायचे नाहीत, काही द्यायचे नाहीत. तो सुतळी गुंडाळतोय, हे पान उलटतायत. दिवेलागणीला उठून नमस्कार करून घरी. समोर चहाची गाडी लावणारे मामू मला म्हणायचे, "ताई, एक येडा पुरे होता माझ्या गिऱ्हाइकाला. हे दुसरे काहून आणून बसवले?"

मामूंचा त्या म्हाताऱ्यावर राग होता. गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणायचे. तक्रारही केलेली त्यांनी, एकदा सोडून दोनदा. आणि रोज पहिल्या कपातला चहा पायरीच्या कडेला ठेवायचेही तेच, शिव्या देत. हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

मी सरांना एक दिवस गाठलंच. म्हटलं, दान करायचं तर दान करा, मला पटत नाही पण करा. संघटन करायचं तर माझ्याबरोबर या. नुसतं शेजारी बसून तुम्ही काय करता?

"शेजार," म्हणाले.

"त्यानं पोट भरतं का त्याचं?"

"त्यांचं," म्हणाले. म्हणजे 'त्याचं' नाही, 'त्यांचं'. भूक कुठं, आणि हे अनुस्वार दुरुस्त करत बसलेले. मी त्या दिवशी रोजच्यासारखी खाली त्यांच्याकडं जेवायला गेले नाही.

मग पाहुणे यायचं ठरलं. बाहेरदेशातले कुणी कुणी मोठे लोक शहरात उतरणार, वेरूळला जाणार, तर ते ज्या ज्या रस्त्यानं जाणार ते रस्ते देखणे करायचे. भिंतींवर चित्रं निघायला लागली. कारंजी लागली, पाणी नसलेल्या शहरात. आणि फूटपाथवरची माणसं एका गाडीत भरून कुठंतरी बाहेर नेऊन सोडतात अशा खबरा यायला लागल्या. कुठं, ते कुणी सांगेना. ज्यांना सोडलं ती चालत चालत परत यायची, काही यायची नाहीत.

मी रात्रंदिवस त्याच्या मागं. पत्रक लिहिलं. मथळा घातला: 'त्यांनाही अस्तित्व आहे!' उस्मानपुऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याचं उदाहरण वर घेतलं आणि छापायच्या आधी सरांना वाचून दाखवलं. मला वाटलं यांच्याच विषयातला शब्द आहे, खूष होतील.

"अस्ति म्हणजे आहे," सर म्हणाले. "अस्तित्व म्हणजे आहेपणा. तुमचं वाक्य झालं, त्यांनाही आहेपणा आहे. तो या कुंडीलापण आहे, ताई. पालिकेला तो मान्यच आहे, म्हणून तर उचलायला गाडी पाठवतात. जे नाही ते कसं उचलतील?"

"मग काय लिहू?"

"ते इथं असतात, एवढं लिहा."

"एवढ्यानं कोण पेटणार सर?"

"पेटायचं कशाला? कुणीतरी जाऊन बघून यावं की असतात का."

मी पत्रक जसंच्या तसं छापलं. अडीच हजार प्रती वाटल्या. सांगायचं म्हणजे, कुणी पेटलं नाही आणि कुणी बघायलाही गेलं नाही.

आमच्या रस्त्याची पाळी जवळ आली, पालिकेची माणसं स्टुडिओच्या शटरवर चित्राची आखणी करून गेली, तेव्हा मी सरांना घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. पिकल्या केसांचा प्राध्यापक सोबत असला की खुर्ची मिळते हा माझा अनुभव. खुर्ची मिळालीच. अधिकारी सरांना बघून उठून उभा राहिला. सरांचा विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा मागवला, बिस्किटं मागवली. मी सगळं मांडलं. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या व्यक्तीचा इथं राहत असल्याचा काही पुरावा?

सर म्हणाले, "राहत नाहीत. असतात."

"म्हणजे सर?"

सरांनी सांगितलं. वडील कुठं असतात, मुलगा कुठं असतो, सगळं, अगदी वर्गात सांगावं तसं. रोज सकाळी पायरी झाडतात. मामू चहा ठेवतात. एखाद्या दिवशी जरा इकडंतिकडं गेले तर भाजीवाली विचारते, आज दिसले नाहीत. दुसरा कुणी यापेक्षा जास्त काय राहत असतो?

अधिकारी हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, "सर, माणूस कशाला म्हणावं हे तुम्ही परीक्षेत विचारायचे, मी लिहायचो. इथं मला रहिवासी कोण एवढंच विचारतात. आणि मला सांगा, तुम्ही त्यांचे कोण? नातेवाईक असाल तर ताब्यात घ्या, सही करा, न्या घरी. विषय संपला."

मी सरांकडं पाहिलं. खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक सही करायची होती. भाऊ आहे म्हणायचं, चुलता आहे म्हणायचं. सर उठले. म्हणाले, "मी त्यांना ताब्यात कसा घेऊ? ते हरवलेले नाहीत."

रिक्षात मी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हणाले, तुमच्या एका शब्दाच्या शुद्धतेपायी त्या माणसाला उद्या उचलतील. खोटं बोलायला काय जात होतं? घर आलं, सरांनी रिक्षावाल्याला अहो म्हणून पैसे दिले, आणि दारापाशी बेल न वाजवता कुलूप काढलं. मला तेव्हा कळायला हवं होतं की काहीतरी चाललंय. पण मी मोर्चाच्या तयारीत.

मोर्चा होता त्याच दिवशी दुपारी गाडी आली. मी क्रांती चौकात घोषणा देत होते. परत आले तर कोपऱ्यावर पायरी रिकामी. मामू गाडी पुसत उभे होते, माझ्याकडं बघेनात.

"नेलं?"

"दोघांला," मामू म्हणाले.

सर त्या दिवशी चारच्या आधीच येऊन बसले होते. दाढी वाढलेली, घरातलाच सदरा, पायात स्लिपर. गाडीवरची माणसं नवी होती, ओळखत नव्हती. म्हाताऱ्याला हाताला धरून उठवलं आणि सरांना विचारलं, बाबा तुमचं नाव काय, कुठं राहता? सरांनी शेजाऱ्याकडं बोट केलं. म्हणाले, आधी यांना विचारा. ते म्हणाले, हा बोलत नाही. सर म्हणाले, मग मी पण बोलत नाही. आणि खरंच तोंड बंद केलं.

"मी सांगितलं ना ताई, अरे ये प्रोफेसर हैत, ह्यांचं घर मागं हाय. तर सर माझ्याकडं असे बघले." मामूंनी डोळे वटारून दाखवले. "म्हणले, मामू, आज मला वळखू नका. स्टूल पण टाकला गाडीवाल्यांनी आत. म्या काय करू, हात धरू का बुजुर्गाचा?"

सरांचा फोन घरात टेबलावर वाजत होता. वॉर्ड ऑफिसातला तो शिष्य फोन उचलेना. मग उचलला आणि त्याचीच बोबडी वळली. त्यानं खाली विचारलं, खालच्यांनी ठेकेदाराला विचारलं, ठेकेदार म्हणाला आज दोन अनोळखी इसम होते, सोडले हायवेला. कुठल्या हायवेला? ड्रायव्हर घरी गेला. मी रात्रभर पुलाखाली, स्टेशनवर, सगळीकडं विचारत होते. सकाळी पोलिसात गेले तर विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? भाडेकरू, म्हणाले. हवालदारानं पेन खाली ठेवलं.

आणि तेवढ्यात आईचा फोन.

आई एकदा माझ्या खोलीवर येऊन गेलेली होती. सरांनी तेव्हा तिला तासभर बसवून, अहो-जाहो करून, मेंढ्या आपलं कोकरू कसं ओळखतात ते विचारलं होतं. आईला त्याची फार अपूर्वाई. पाचोडच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची की पोरीचा घरमालक आपल्याला बाई म्हणतो.

"अगं, तुझा मास्तर हितं कसा काय?" आई म्हणाली. "बाजार हाय आज. म्या मिरच्या घ्यायला आले तर ह्यो बसलाय लिंबाखाली. संगं एक म्हातारं हाय. लोकायनं भाकरी दिलीया त्यायला, भिकारी समजून. म्या म्हणलं, अवो सर, तुमी व्हय? तर मला म्हणतो, बसा ना."

"काय म्हणाले? बरे आहेत का?"

"बरं हाय. हसतंय. कालच्याला रातच्यानं हायवेला सोडलं म्हनं, चालत आले हितवर. त्या म्हाताऱ्याला हाताला धरून आनलं म्हनं. का त्यानं ह्याला आनलं काय म्हाईत. तू ये लवकर, लोक जमायलेत."

बीडच्या रस्त्यावरची एसटी कधी इतकी हळू चाललेली मला आठवत नाही. बाजारात पोचले तेव्हा आई त्या दोघांच्या मधे पिशवी घेऊन बसलेली, जशी काही राखण. सरांचे पाय सुजलेले, स्लिपरचा एक पट्टा तुटून सुतळीनं बांधलेला. म्हाताऱ्याच्या गुंड्यातली सुतळी. ती कुणी बांधली हे मी विचारलं नाही. गाठ सरांची नव्हती, त्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती.

मी खूप बोलणार होते. बसमध्ये सगळं जुळवलेलं होतं. पण एवढंच आलं तोंडातून, "सर, नाव सांगितलं असतं तर सोडलं असतं तुम्हाला."

"मला सोडलं असतं," सर म्हणाले.

आई मध्येच म्हणाली, ऊन चढायलंय, बडबड बसमधी करा. मी म्हाताऱ्याला उठवायला दंडाला धरायला गेले. सरांनी माझा हात अडवला आणि म्हणाले, विचारा त्यांना. मी म्हणाले, किती वेळा विचारलंय, बोलत नाही. सर म्हणाले, त्यांचं नाव विचारलंत, गाव विचारलंत. यायचंय का, हे विचारा.

भर बाजारात, मिरच्यांचा ठसका उठलेला, मी त्या माणसासमोर उकिडवी बसले. "आजोबा, माघारी जायचं का? उस्मानपुऱ्याला. येता का तुम्ही?"

तो उठला. गुंडा पंच्यात बांधला आणि एसटी उभी होती तिकडं चालायलाच लागला. आम्ही मागं पडलो.

आई पाचोडलाच राहिली. आम्ही तिघं कोपऱ्यावर रिक्षातून उतरलो तर पायरीवर कुंड्या. एका रात्रीत आणून मांडल्या होत्या. सिमेंटच्या, कमरेएवढ्या, आत नावालासुद्धा नीट न लागलेली रोपं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी भरलेली, माणूस सोडा, मांजर बसलं नसतं. मागच्या शटरवर हत्तींची रांग रंगवलेली.

म्हातारा कुंड्यांसमोर उभा राहिला. आतापर्यंत मला त्याच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलं नव्हतं. तेव्हा दिसलं. मी फोन काढला. संघटनेला कळवायचं, पत्रकारांना बोलवायचं, फोटो घ्यायचे, त्या अधिकाऱ्याला सुनवायचं, सगळं डोक्यात एकदम उसळलं. नंबर लावतेय तोवर इकडं म्हाताऱ्यानं एका कुंडीला दोन्ही तळवे लावून जोर केला. ती हलली नाही. सरांनी चष्मा खिशात ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. सुजलेले पाय, सत्तरी उलटलेली. मी "सर, थांबा" म्हणाले, ते थांबले नाहीत, मग फोन पिशवीत टाकून मीही लागले. कुंडी करकरली, बोटभर सरकली.

मामू समोरून येताना दिसले. मला वाटलं आता भांडण. इतकी वर्षं यांना हीच पायरी मोकळी हवी होती, आता मिळाली होती, हत्ती आणि रोपांसकट.

"उधर नका ढकलू," मामू म्हणाले, "माझ्या गाडीच्या तोंडावर येईल. भिंतीकडं घ्या." आणि खांद्यावरचं फडकं तळहातांत धरून त्यांनी कड पकडली.

एक कुंडी सरकली. त्यापुढं कुणाच्यात दम नव्हता. मोकळी झाली ती जागा एका माणसापुरती, तीही अंग चोरून बसला तर. म्हातारा बसला. पंचा सोडून गुंडा काढला. सर भिंतीला हात टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक, श्वास लागलेला.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग पायांकडं. गुंडा मांडीवर घेतला, गुडघे पोटाशी ओढले, कुंडीला चिकटून सरकला. जी वीतभर फरशी मोकळी झाली तिच्यावरची धूळ त्यानं पंच्यानं झाडली, एकदा, आणि नीट दिसत नाही म्हणून पुन्हा. आणि तळहातानं तिथं थोपटलं.

सर बसले. दोघं खांद्याला खांदा दाबून, पाखरं तारेवर बसावीत तसे. मामू गाडीकडं वळले, कपांचा आवाज आला.

माझ्या पिशवीत पत्रकं होती. स्कूटरवरून जाणाऱ्या एका बाईनं गाडी हळू केली, कुंडी वाकडी, दोन म्हातारे, मातीनं भरलेली मी, हे सगळं बघून म्हणाली, "काय झालं हो ताई? काही प्रॉब्लेम आहे का?"

मला बोलायची सवय आहे. कुणी एवढं विचारलं तर मी अर्धा तास सोडत नाही.

"काही नाही," मी म्हणाले, "जागा होत नव्हती. झाली."